मोरीतून नदीकडे

मुळा-मुठेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कारखान्यांकडे बोट दाखवण्याचा प्रघात पडला आहे. परंतु पुणे शहराच्या हद्दीत नदी नासते ती मुख्यतः घरगुती सांडपाण्याने. खडकवासल्याला अडवलेले पाणी शेतीकडे आणि घरोघरच्या नळांकडे वळवले जात असल्यामुळे उन्हाळ्यात मुठेला स्वतःचा असा प्रवाह फारसा उरत नाही, आणि वैशाखात भिडे पुलाखाली जी काळसर धार दिसते, जिच्या गाळातून बुडबुडे वर येत राहतात, ती बहुतांशी शहराच्या मोऱ्यांतून निघून नाल्या-ओढ्यांवाटे नदीत उतरलेली असते.

पाणी नासण्याची ही क्रिया पंगतीच्या दृष्टान्ताने स्पष्ट होते. मैला, खरकटे, तांदळाचे धुवण यांतील सेंद्रिय घाण जिवाणू खातात, परंतु त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लागतो, आणि या गरजेलाच जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी असे म्हणतात. स्वच्छ नदीच्या एका लिटरात ऑक्सिजनचा शिधा साधारण आठ मिलिग्रॅम, तर एका लिटर सांडपाण्याची मागणी दोनशे मिलिग्रॅमच्या घरात. म्हणजे एक लिटर सांडपाणी हा एकटा पाहुणाच पंचवीस पानांचे जेवण संपवतो, आणि असे पाहुणे तर अखंड येत असतात. शिधा संपला की मासे गुदमरतात आणि ऑक्सिजनवाचून जगणारे जिवाणू पंगतीचा ताबा घेऊन हायड्रोजन सल्फाइड, मिथेन असे वायू सोडू लागतात. नदीकाठची दुर्गंधी ती मुख्यतः यांतील हायड्रोजन सल्फाइडची. पाण्याचे प्रदूषण येथे हवेचेही होते.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्र म्हणजे या पाहुण्यांसाठी वेगळा मांडलेला स्वयंपाक होय, कारण तेथे टाक्यांत हवा सोडून जिवाणूंची भूक नदीबाहेरच भागवली जाते. जपानच्या अर्थसाहाय्याने पुण्यात अशी आणखी 11 केंद्रे उभारण्याचा करार 2016 मध्ये झाला. तथापि केंद्रापर्यंत न पोचता परस्पर ओढ्यात पडणाऱ्या पाण्याला कोणतेही केंद्र शुद्ध करू शकत नाही. कारखान्यांचा दोष नाकारण्याचे कारण नाही, परंतु पुन्हा सांगणे भाग आहे की पुण्याच्या नदीचे दुखणे मोरीपाशी सुरू होते, आणि मोरीची जाळी काढून खरकटे आत लोटणाऱ्या सुशिक्षित घरांनाही हे अद्याप उमगू नये, ही खेदाची बाब आहे.

शेवटी श्रोत्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात येते आणि त्याच जलाशयातून सोलापूर शहराला पिण्याचे पाणी जाते.