पान खुडावे, गाभा राखावा

श्रोतेहो, आज मी एका अगदी लहानशा कामाविषयी बोलणार आहे. परसातली पालेभाजी काढावी कशी? तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखे काय आहे? उपटायची, माती झटकायची, निवडायची आणि फोडणीला टाकायची! पण या उपटण्यातच आपला तोटा आहे.

बाजारात मेथीची जुडी मुळासकट येते. विकणाऱ्याला ते सोयीचे असते. जुडी बांधता येते आणि वाफा पुढच्या पेरणीला मोकळा होतो. घरी मात्र एकाच दिवशी पन्नास जुड्या नको असतात. चार माणसांपुरती भाजी हवी, आणि ती पुन्हा पुन्हा हवी.

यासाठी झाडाची रीत ओळखावी. हरभऱ्याचे शेंडे आपल्या बायका पूर्वापार खुडत आल्या आहेत. शेंड्यात तयार होणारे एक द्रव्य खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. शेंडा गेला की ते डोळे फुटतात आणि झाड फांद्यांनी भरते. मेथीला आणि आंबाडीला हाच न्याय लावावा. वरचे कोवळे शेंडे खुडावेत, खालचा बुडखा राखावा.

पालक, चुका यांची तऱ्हा निराळी. त्यांची नवी पाने जमिनीलगतच्या गाभ्यातून निघतात. म्हणून बाहेरची मोठी पाने आधी घ्यावीत आणि गाभ्याला हात लावू नये. एका वेळी झाडाची तिसरा हिस्सा पाने घ्यावीत, त्याहून जास्त नाही. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत झाड पुन्हा भरते.

शहरात सॅलडमध्ये लेट्यूस नावाची पाने खातात, त्यांनाही हाच नियम. ही भाजी परकी वाटते खरी, पण तिची नातलग आपल्या बांधावरच आहे. आपल्या जिल्ह्यात पाथरी नावाचे गाव आहे, तशी पाथरी नावाची रानभाजीही आहे. पान तोडले की दुधासारखा चीक येतो. लेट्यूसचेही तसेच. पाथरी, लेट्यूस, करडई आणि सूर्यफूल ही सारी एकाच कुळातली. करडईच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि भाकरीबरोबर कच्ची पाथरी आपण खातोच ना!

लेट्यूस लावायचा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावा. परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्याच्या आधीच, ऊन तापू लागले की हे झाड उंच दांडा काढते, चीक वाढतो आणि पान कडू होते. दांडा दिसू लागला की वाट पाहू नये, उरलेली पाने लगेच काढून घ्यावीत.

भाजी सकाळी खुडावी. रात्रभर पाणी पिऊन पान टवटवीत असते. दुपारी तेच मलूल होते. खुडल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी. आधी धुवावी, मग चिरावी. चिरून धुतली की सत्त्व पाण्याबरोबर जाते. कच्ची खायची पाने वाहत्या, स्वच्छ पाण्यात धुवावीत आणि त्या वाफ्याला मोरीचे पाणी घालू नये. आणखी एक, कपाशी-सोयाबीनवर औषध किंवा तणनाशक फवारले असेल, तर त्या शेतातली अन् बांधावरची भाजी घरात आणू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. नुसत्या पालेभाजीने तो बरा होत नाही. त्याला डॉक्टरांचा सल्ला आणि लोहाच्या गोळ्या लागतात. पण भाजीतले लोह अंगी लागावे यासाठी वर लिंबू पिळता येते. आणि घरात वाफा असला की बाईच्या ताटात भाजी उरण्याची शक्यता वाढते. विकतची जुडी साऱ्यांना वाढता वाढता संपते, हे आपण पाहतोच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या परसबागेत मेथीचे दोन सारखे वाफे करा. एक उपटून काढा, दुसरा खुडत राहा. दर वेळी मुलांकडून भाजी तोलून घ्या, तारीख आणि वजन वहीत लिहवून घ्या आणि शेवटी बेरीज करायला सांगा. विज्ञान आणि गणित एकाच वाफ्यात शिकून होईल. मुले घरी गेली की आईला सांगतील, ‘उपटू नको, खुड!’

एवढे झाले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक झाले.