स्पर्धा संपली, पुस्तक घरी आलं का?

धानाची कापणी-मळणी आटोपली, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत कार्यक्रमांचे दिवस सुरू होतात. मंडई भरते, झाडीपट्टीची नाटकं लागतात, मग संक्रांतीचं हळदीकुंकू येतं. याच दिवसांत गावचं वाचनालयही एखादी स्पर्धा ठेवतं. आज त्या स्पर्धेबद्दल बोलू या.

मागच्या वर्षी आमच्या वाचनालयाने रांगोळी स्पर्धा ठेवली. ठरवणाऱ्यांत मीही होते. चाळीसेक बाया आल्या. अंगण रंगांनी भरून गेलं, स्टीलचे डबे बक्षीस दिले, फोटो निघाले. संध्याकाळी झाडलोट झाल्यावर मी नोंदवही उघडली, तर त्या दिवशी एकाही बाईच्या नावावर पुस्तक गेलं नव्हतं. बहुतेकींनी उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता. चूक त्यांची नव्हती, आमची होती. रांगोळी काढायला पुस्तक लागतच नव्हतं.

शेजारच्या मावशींना विचारलं, “आत का नाही आलात?” त्या म्हणाल्या, “चौथीपर्यंत शिकले बाई. आता अक्षरं जुळवायला वेळ लागतो. आत पोरं अभ्यास करत बसतात. अडखळले तर हसतील.”

मैत्रिणींनो, ही लाज आपल्यातल्या कितीतरी जणींच्या मनात आहे. शाळा सुटली, हातात पुस्तक राहिलं नाही, आणि आलेलं वाचनही मोडलं. मग गटाच्या कर्जाच्या कागदावर सही आपली असते, पण वर काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारावं लागतं. तेंदूच्या हंगामात कार्डावर किती पुडे मांडले, तेही दुसराच वाचून सांगतो. म्हणून वाचनालयाची पायरी चढणं ही नुसती हौस नाही.

तेव्हा आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. पुस्तक उघडल्याशिवाय खेळता येणार नाही अशी स्पर्धा ठेवायची. आणि जिला वाचता येत नाही, तिलाही त्यात मानाची जागा द्यायची.

यंदा दिवाळीनंतर ‘जोडीची गोष्ट’ ठेवली. सासू-सून, आजी-नात किंवा दोन शेजारणी, कोणतीही जोडी चालेल. आठ दिवस आधी एक पुस्तक घरी न्यायचं. एकीनं वाचायचं, दुसरीनं ऐकायचं. स्पर्धेच्या दिवशी ऐकणारीनं पाच मिनिटांत ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. झाडीबोलीत सांगा, गोंडीत सांगा, माडियात सांगा. ज्या बोलीत सांगाल, ती जाणणारी एक बाई परीक्षकांत ठेवली होती. गुण दोघींना मिळून.

मावशी नातीबरोबर आल्या. सांगताना मध्येच गोष्ट विसरल्या, नातीकडे पाहिलं, दोघी हसल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या. नंबर आला नाही. पण तिसऱ्या दिवशी नात पुस्तक बदलायला आली आणि म्हणाली, “आजी म्हणते, याच्यापेक्षा मोठी गोष्ट दे.”

रांगोळीही सोडायची गरज नाही. आधी एक गोष्ट मोठ्यानं वाचा, मग तिच्यातला प्रसंग रांगोळीत काढायला सांगा. पावसाळ्यात काटवल, तरोटा, वास्ते अशा रानभाज्या घेऊन बाया जमल्या, तर प्रत्येकीची कृती वहीत उतरवून घ्या. ती वही वाचनालयात ठेवा. आपल्याच गावच्या बायांनी सांगितलेलं ते पुस्तक बघायला कोण येणार नाही? आपल्याकडे नाटकाचं वेड आहेच. चौघीजणींनी नाटकाचं पुस्तक हातात घेऊन वाचून दाखवलं, तरी लोक जमतील. आणि संक्रांतीला वाण म्हणून एक लहानसं पुस्तक द्या. हे वाण विधवा बहिणींनाही मिळालं पाहिजे. पुस्तकाला कुंकवाची अट नसते.

बक्षिसात डबा देऊ नका असं मी म्हणणार नाही. डबा कामाचाच आहे. फक्त त्या डब्यात एक पुस्तक ठेवा, किंवा वर्षाच्या वर्गणीची पावती.

वेळही आपल्या कामाकडे बघून ठरवा. रोवणीत, मोहफुलाच्या आणि तेंदूच्या दिवसांत कोणी येणार नाही. दुपारी ठेवा. आपलं गाव जंगलाला लागून आहे, वाघ-बिबट्याची भीती असते. दिवस मावळायच्या आत प्रत्येक जण घरी पोचली पाहिजे. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आपल्याला सोयीचे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन धानाची स्थिती बघून घ्या.

गडचिरोली पोलीस दलाच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून दुर्गम गावांतही वाचनालयं उभी राहिली आहेत. मुलं-मुली तिथे परीक्षांचा अभ्यास करतात, ही चांगलीच गोष्ट. आठवड्यातली एक दुपार बायांसाठी मागून बघा. जिथे वाचनालयच नाही, तिथे पेटीनेही काम भागतं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. त्यात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या वस्तीत जाते. अशी लहान पेटी आपला गटही करू शकतो. आणि धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या लोकांनी अभ्यास गटात बसून कायदा समजून घेतला, आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. एकत्र बसून वाचलं, ऐकलं, बोललं, तर काय होतं ते आणखी कोणी सांगायला नको.

ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांतला एक असा, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. मावशीही वाचकच आहेत, अक्षर जुळवायला वेळ लागला तरी.

तेव्हा स्पर्धा जरूर ठेवा, हसा, खेळा, बक्षिसं वाटा. पण महिन्यानं नोंदवही उघडून एवढं बघा, नवी नावं किती चढली आणि दुसरं पुस्तक न्यायला किती जणी आल्या. त्यावरून कळेल कार्यक्रम कसा झाला ते.

येते मग. नमस्कार.