बानातच्या डोंगरांतील सहा गावे



रुमानियाच्या नैर्ऋत्य भागात, डॅन्यूबच्या उत्तरेकडील बानात प्रांतातील डोंगरांत, स्वाता हेलेना, गेर्निक, रोवेन्स्को, बीग्र, आयबेंथाल आणि शुमित्से अशी सहा खेडी वसलेली आहेत. त्यांचे मूळ पुरुष बोहेमियातून आले आणि त्यांचे वंशज दोनशे वर्षांनंतरही घरात चेक भाषाच बोलतात. एवढीशी जमात परमुलखात इतका काळ कशाच्या बळावर तगून राहिली, याचा विचार आज करावयाचा आहे.

या वसाहतीचा आरंभ एका लाकडाच्या मक्तेदाराच्या वचनांतून झाला. १८२३ च्या सुमारास माग्यार्ली नावाच्या त्या गृहस्थाने जमीन, घरासाठी लाकूड आणि करमाफी यांची ग्वाही देऊन भूमिहीन चेक कुटुंबांना या अरण्यात आणले, त्यांच्याकडून वृक्षतोड करविली आणि काही वर्षांतच त्यांना वाऱ्यावर सोडून तो निघून गेला. अल्झबेता हे पहिले गाव पुढे पाण्यावाचून ओसाड पडले. १८२४ मध्ये वसलेले हेलेना मात्र टिकले. निराधार झालेल्या रयतेने तेव्हा लष्करी अंमलदारांचा आश्रय घेतला, कारण हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा सरहद्दी प्रांत होता आणि तेथील शेतकऱ्याच्या कुळावर जमिनीच्या मोबदल्यात सरहद्दीच्या पहाऱ्याची चाकरी बसत असे. १८२६ नंतर आणखी वसाहतवाले आले, ते याच लष्करी कारभाराच्या प्रेरणेने. पुढे १८७० नंतरच्या दशकात तो सरहद्दी प्रांतच मोडीत निघाला आणि पहिल्या महायुद्धानंतर ही खेडी रुमानियात गेली.

मक्तेदाराला मजूर हवे होते, साम्राज्याला पहारेकरी. गरज सरताच दोघांचाही आश्रय सरला. गावे मात्र राहिली, ती कोणत्याही सनदेत न लिहिलेल्या बंधनांमुळे. चर्चमधील प्रार्थना आपल्या भाषेत व्हावी आणि मुलांनी त्याच भाषेत अक्षरे गिरवावी, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. गेर्निकच्या परिसरातील ओढ्यांवरील लहान पाणचक्क्या अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीच्या असत आणि दळणाची पाळी ठरलेली असे. ती पाळी पाळण्यासाठी शेजाऱ्याशी सलोखा ठेवणे प्रत्येकाला भागच होते. दुर्गम डोंगराने त्यांना दारिद्र्यात ठेवले, पण त्याच दुर्गमतेने त्यांचा समाज विखुरू दिला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, जर्मन रहिवाशांच्या हकालपट्टीने रिकाम्या झालेल्या चेक सीमाभागात पुष्कळ कुटुंबे परतली. १९८९ च्या राज्यक्रांतीनंतर सीमा मोकळ्या झाल्या, पुढे आयबेंथालची कोळशाची खाणही बंद पडली, आणि तरुणांनी चेकदेशाची वाट धरली. हेलेनाच्या माळावर आज पवनचक्क्या उभ्या आहेत, पण शेतात राबणारे हात थोडे उरले आहेत.

या तरुणांना परंपराद्रोही म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचे पूर्वज बोहेमिया सोडून निघाले ते पोटासाठी, आणि हे तरुणही पोटासाठीच निघाले आहेत. जमात भाषेने एकत्र राहते हे खरे. परंतु ती एका जागी राहते ती उपजीविकेने, आणि उपजीविकेची तजवीज न करता कोणाला भाषा राखण्याचा उपदेश करण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपणा प्रशंसकांना पोहोचत नाही.