बालकांना शिशापासून जपू या

(असोदा, जि. जळगाव येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यापुढे केलेले भाषण)



असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० साली येथे जन्मलेल्या या कवयित्रीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या उपजत बुद्धीपुढे सारा महाराष्ट्र नतमस्तक झाला. मुलाच्या त्याच उपजत बुद्धीवर नकळत घाला घालणाऱ्या विषाविषयी आज मला बोलावयाचे आहे. ते विष म्हणजे शिसे.

शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेले शिसे प्रौढापेक्षा लहान मूल चार ते पाच पट अधिक शोषून घेते. त्यातच रांगणाऱ्या मुलाचा हात सदैव तोंडात. या विषाने ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल चिडचिडे होते, पोट दुखते, रक्त कमी होते. शाळेत त्याचे लक्ष लागत नाही आणि आपण त्याला ‘मठ्ठ’ म्हणून मोकळे होतो. मेंदूची झालेली हानी मात्र औषधाने भरून निघत नाही. युनिसेफ व प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी सुमारे एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे.

हे शिसे घरात येते कोठून? जुन्या दारे-खिडक्यांच्या, पाळण्याच्या सुटणाऱ्या पोपड्यांतून. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास कायद्याने बंदी आहे. पण त्यापूर्वीचा रंग भिंतीवर आहेच. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवताना यंत्रांसाठीचा उरलेला रंग वापरला, तर तो मुलांच्या हाती लागतो. पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच संयुग होय. अनेक सुरम्यांतही शिसे असते. कल्हई शुद्ध कथिलाची हवी. त्यात शिसे मिसळलेले असेल, तर चिंचेची आमटी वा ताक ते विरघळवून घेते. जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडणे तर सर्वांत घातक.

मारुतीरायाला शेंदूर वाहू नये, असे मी म्हणत नाही. दर्शनाहून परतल्यावर मुलाचे हात साबणाने धुवावेत, एवढेच म्हणतो. तान्ह्याच्या डोळ्यांत सुरमा घालू नये. घर कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. लोह व चुना यांची उणीव असलेले शरीर शिसे अधिक शोषते. म्हणून मुलाला कळण्याची भाकरी, पालेभाजी, तीळ व दूध वेळेवर द्यावे.

पंचायतीने शाळा-अंगणवाडीच्या रंगकामाच्या वेळी ९० भागांच्या मर्यादेतील रंगाचाच आग्रह धरावा. जुना रंग कोरडा खरवडू नये. पाणी मारून काढावा आणि तोवर मुलांना दूर ठेवावे. बॅटऱ्या फोडण्याचे काम वस्तीत होऊ देऊ नये. शिक्षकांनी जेवणापूर्वी हात धुण्याचा परिपाठ ठेवावा. संशय आल्यास सेविकांनी मुलाला आरोग्य केंद्रात न्यावे. रक्ततपासणीनेच निदान होते.

या कामाला मोठा निधी लागत नाही. साबण, ओले फडके आणि सावध नजर पुरेशी आहे. गावातील प्रत्येक मुलाची बुद्धी अबाधित राखणे, ही बहिणाबाईंच्या गावाला शोभेल अशी सेवा ठरेल.