अपंगांचे स्वावलंबन : सुरुवात घरापासून

(वार्षिक समारंभातील भाषण)



ज्या घरात अपंग मूल आहे, त्या घरातील आईला एकच चिंता रात्रंदिवस जाळीत असते : "माझे डोळे मिटल्यावर याचे कसे होणार?"

माझ्या फुफीचा मुलगा लहानपणी पोलिओने पांगळा झाला. फुफीने त्याला जिवापाड जपले. ताट हातात दिले, उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नाही. तो 35 वर्षांचा असताना फुफी गेली; तेव्हा कळले की त्याला साधा चहाही करता येत नव्हता. पाय आजाराने अधू केले होते, हात मात्र आमच्या मायेने अधू झाले होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की मदत अशी करावी, जिने माणूस स्वतःचे काम स्वतः करू लागेल.

प्रथम घर पाहावे. दारात सहा इंचांची पायरी असेल, तर सहा फूट लांबीचा उतार बांधावा. उंचीच्या बारापट लांबी, हा त्याचा हिशेब. चाकाची खुर्ची जाण्यास दरवाजा सुमारे तीन फूट मोकळा हवा. संडासात बसण्यास कमोड व धरण्यास भिंतीला दांडी हवी. ओटा बसून हात पोचेल इतका ठेंगणा हवा. फुफीच्या घरी आम्ही हे उशिरा केले. आज तो भाऊ स्वतःची भाकरी स्वतः भाजतो.

दुसरी गोष्ट हक्कांची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. 40 टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के, तर सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के राखीव जागा आहेत. कॅलिपर, खुर्ची, श्रवणयंत्र यांसाठी केंद्राची 'अडिप' योजना आहे. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांनी संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालयात अर्ज करावा. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी वा बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, 18 वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो. आईच्या त्या प्रश्नाचे थोडे उत्तर येथे आहे.

परंतु या सर्वांसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. कित्येक पालक, विशेषतः मुलींचे, लोक काय म्हणतील म्हणून तो काढीतच नाहीत. बंधु-भगिनींनो, दाखल्याने मूल अपंग होत नाही. दाखला नसल्याने ते हक्काला मुकते.

विद्यार्थी मित्रहो, मित्राची खुर्ची ढकलण्यापूर्वी "ढकलू का?" एवढे विचारा. तो "नको" म्हणाला, तर रागावू नका, सोबत चाला.