काचेमागे कोण बसले आहे?



मी स्वतः फॅमिली थेरपिस्ट नाही. थेरपिस्ट कसे घडतात, यावर मी संशोधन करतो. म्हणून आज त्यांना शिकवणाऱ्या सुपरव्हायझरविषयी बोलतो.

पूर्वी शिकाऊ थेरपिस्ट रुग्णाशी झालेले बोलणे नंतर आठवून सांगे आणि त्यावर चर्चा होई. साल्वादोर मिनुचिन १९६५ साली फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिकचे संचालक झाले. तिथल्या पद्धतीत सुपरव्हायझर एकतर्फी काचेमागे बसून कुटुंबाशी चाललेले बोलणे पाही आणि मधेच फोन करून सूचना देई. चूक वेळीच सुधारता येई, हा मोठा फायदा. पण काचेमागे काय ठरते, हे कुटुंबाला कळत नसे.

१९८५ साली नॉर्वेतील ट्रोम्सो येथे टॉम अँडरसन यांनी हे उलटे केले. दिवे आणि ध्वनी यांची अदलाबदल झाली. काचेमागच्या मंडळींची चर्चा आता कुटुंब ऐकू लागले. ऐकल्यावर पुढचा शब्द कुटुंबाचा!

एकेका थेरपिस्टच्या शिक्षणातही असाच बदल होतो. नवशिक्याला नेमक्या सूचना हव्या असतात. अनुभव वाढला की सुपरव्हायझरने उत्तरे कमी द्यावीत, प्रश्न जास्त विचारावेत. दहा वर्षांनीही सूचनाच मिळत राहिल्या, तर थेरपिस्ट स्वतः विचार करायला कधी शिकणार?

यात आपला काय संबंध? मुलगा दरमहा पुण्याला आईवडिलांना पैसे पाठवतो, रोज फोन करतो. इथल्या थेरपिस्टला तो 'आईवडिलांपासून सुटा न झालेला' वाटू शकतो. सुपरव्हायझरलाही तसेच वाटले, तर बंद दाराआड तो गैरसमज पक्का होतो. तीच चर्चा कुटुंबासमोर झाली, तर सून म्हणेल, "अहो, आमच्यात हे असंच असतं." किंवा म्हणेल, "बरं झालं, कुणीतरी बोललं!" दोन्ही ऐकायला हवे.

सुपरव्हायझरचा अधिकार मात्र संपलेला नाही, संपूही नये. अमेरिकेत लायसन्ससाठी लागणाऱ्या तासांवर सही त्याचीच असते. घरात मारहाण होत असेल, तर त्याला ठाम भूमिका घ्यावीच लागते. अधिकार असावा, पण तो दिसावा, एवढेच माझे म्हणणे.

तेव्हा शिकाऊ थेरपिस्टकडे गेलात, तर संकोच न करता विचारा: आमचे बोलणे कोण ऐकते, रेकॉर्डिंग होते का, आणि आमच्याविषयी जे बोलले जाते ते आम्हाला ऐकता येईल का? तो तुमचा हक्क आहे. घरातल्या मुलांनी आपल्याला हाच प्रश्न विचारला, तर काय सांगायचे, याचाही विचार करून ठेवा.