डोव्हरच्या भुयारात विचारलेला प्रश्न
(वार्षिक पालक मेळाव्यातील भाषण)



प्रवासवर्णन करण्याचा माझा पिंड नाही. पण मुलीकडे लंडनला गेलो असता आम्ही सारे एक दिवस डोव्हरचा किल्ला पाहून आलो, त्याबद्दल बोला, असा चिटणीस साहेबांचा आग्रह पडला. आग्रह मोडवेना.

समुद्रावरच्या पांढऱ्या खडूच्या कड्यावर हा किल्ला उभा आहे. दुसऱ्या हेन्री राजाने 1180 च्या दशकात बांधलेल्या मुख्य बुरुजाच्या भिंती काही ठिकाणी एकवीस फूट जाड! 1216 साली फ्रेंच राजपुत्र लुईच्या माणसांनी जमिनीखालून सुरुंग खणून दरवाजाचा एक बुरुज पाडला, तेव्हा आतल्यांनी लाकडाचे ओंडके टाकून खिंडार बुजवले आणि किल्ला राखला. आवार मात्र मोठे चढाचे. नातवंडे धावत पुढे गेली आणि आम्ही दोघे म्हातारे धापा टाकत मागे राहिलो.

खरे आकर्षण पोटातल्या भुयारांचे. नेपोलियनच्या भीतीने ती खणली. 1940 मध्ये व्हाइस ॲडमिरल रॅमसे यांनी तिथे बसून डंकर्कला अडकलेले सैन्य समुद्रावरून परत आणण्याची योजना चालवली. सुरुवातीला पंचेचाळीस हजार तरी सुटतील एवढीच आशा होती. 26 मे ते 4 जून या काळात 3,38,000 हून अधिक सुटले.

त्या गार, अरुंद भुयारात माझ्या नातवाने विचारले, "नाना, यात आपले कोणी होते का?" आयुष्यभर इतिहास शिकवलेला मी म्हणालो, "नसावेत बेटा."

ते उत्तर चुकीचे होते. परतल्यावर वाचनालयात बसलो तेव्हा कळले. डिसेंबर 1939 मध्ये आपल्या मुंबई बंदरातूनच हिंदी फौजेच्या खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला रवाना झाल्या होत्या. त्यांतले बहुतेक जवान पंजाबी मुसलमान. बर्फात मोटारी अडत, म्हणून खेचरे हवी होती. एक तुकडी जर्मनांच्या हाती सापडली. इतर जवान इंग्लंडला पोहोचले, पण पोसलेली जनावरे त्यांना किनाऱ्यापलीकडेच सोडावी लागली. नातवाला पत्र लिहून माझी चूक कबूल केली. त्याचे उलट उत्तर एका ओळीचे : "आणि आपल्या कोकणातले?"

त्याचे थोडे उत्तर मला ठाऊक आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी त्या युद्धात मालवाहू जहाजांवर होते, आणि कित्येक परतले नाहीत. त्यांची नावे मात्र मला सांगता येत नाहीत. ती तुमच्या घरांत आहेत. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचे जहाजावरील नोकरीचे पुस्तक, एखादे पत्र, फोटो असेल, तर रद्दीत घालू नका. मुलाच्या हाती शाळेत पाठवा. नक्कल काढून मूळ कागद त्याच दिवशी परत करू.